अठरा तासांतून उठले

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, फोटोला फुलं वाहून झाल्यावर, आमच्या जुन्या वस्तीतले एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. आजच्या मुलांनी आदर्श घ्यावा, म्हणाले, हा माणूस ऐन तरुणपणात राज्यसेवेच्या परीक्षेसाठी रोज अठरा तास अभ्यासाला बसायचा. चांगल्या मनानं बोलले. लोकांनी माना हलवल्या, मागे कुणीतरी आपल्या मुलाला कोपरानं ढोसलंसुद्धा. मी पहिल्या रांगेत होते. मला सभेत बोलता येत नाही. पण घरी येऊन पंख्याखाली बसले तेव्हा रडू यायच्या आधी राग आला. ज्या अठरा तासांनी माझ्या भावाला जवळजवळ खाऊन टाकलं होतं, तेच त्याच्या गळ्यात हार म्हणून घातले गेले होते. तो हार काढून ठेवण्यासाठी मी हे लिहिते आहे. हळू लिहिते. एका बैठकीत अर्धं पान होतं, आणि मला तेवढं पुरतं.

तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला एका चाळीत राहत होतो. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, आणि मागच्या भिंतीला लागून स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे गाळे. सकाळी आठला मशीन चालू झालं की भिंत आतून गुणगुणायला लागायची. मग चाकावर भांडं टेकलं की तो आवाज वर चढायचा, भांडं उचललं की खाली यायचा. फळीवरचे पेले दिवसभर आपसांत किणकिणत असायचे. नवा पाहुणा दचकायचा, आम्हाला मात्र रविवारी मशीन बंद असलं की चुकल्यासारखं वाटायचं. त्यातल्याच एका गाळ्यात बाबा कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा डोळे आणि दात सोडून सगळे काळे असायचे. पॉलिशची ती भुकटी त्यांच्या कानामागून शेवटपर्यंत गेली नाही. आम्ही मूळचे मंडणगडाकडचे. आई कुळथाची पिठी आणि भात करायची, बरोबर भाजलेला सुका बोंबील, आणि तो भाजला की सगळ्या चाळीला कळायचं. आमच्या घरात देव नव्हते. आजीनं धम्मदीक्षेच्या दिवशी देव्हारा नदीत सोडला, उपास, नवस सगळं त्या दिवशी संपलं, ही गोष्ट बाबा दर पाहुण्याला सांगायचे. सांगताना त्यांची मान ताठ व्हायची.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बी.ए. झाल्यापासून तो राज्यसेवेच्या मागे होता. पूर्व परीक्षा तीनदा देऊन झाली होती आणि तीनदा राहिली होती. आता चौथी, आणि तीच शेवटची. त्यानंतर त्याचं वय संपणार होतं. हे घरात कुणी मोठ्यानं म्हणत नसे, पण आईच्या प्रत्येक हालचालीत ते होतं. खोलीचा खिडकीकडचा कोपरा दादाचा. तिथे तो बसला की मी भांडी वाजवायची नाहीत, बाबांनी खोकायला पडवीत जायचं. अकरा वाजता आई त्याला एक उकडलेलं अंडं द्यायची. त्याला आमच्याकडे ‘अभ्यासाचं अंडं’ म्हणत. मीही बी.ए. होऊन त्याच परीक्षेचा फॉर्म भरला होता, पण अंडं एकच उकडायचं. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं. जवळच्या राई गावाहून मासे घेऊन येणारी एक मावशी होती. ती टोपली उतरवून खिडकीतून दादाकडे बघायची आणि आईला म्हणायची, “पोर बसलेलं हाय, बरं हाय. पन ते हलत कसं न्हाय गो?” आई हसायची. दादा हलायचा नाही हे खरंच होतं. सकाळी बसला की एका वहीत प्रत्येक तासाची एक रेघ ओढायचा, आणि दिवस संपला की रेघा बघून झोपायचा. पुस्तकातल्या ओळी तो लाल, निळ्या आणि हिरव्या पेन्सिलीनं अधोरेखित करायचा. करता करता पानावर अधोरेखित नसलेली ओळ शोधावी लागे.

माझ्या वाट्याला कोपरा नव्हता. माझ्या वाट्याला पाणी होतं. त्या वर्षांत भाईंदरला पाणी म्हणजे रोजचं युद्ध होतं. नळ आला तर चाळीस मिनिटं, नाही आला तर टँकर, आणि रांगेत उभं राहणं माझं काम. पुस्तक घेऊन उभं राहता येत नसे. एक-दोनदा भिजलं, एकदा हंसाबेनच्या बादलीत पडलं. हंसाबेन शेजारच्या खोलीतल्या. त्या ओरडल्या होत्या, “अरे बेटी, पानी जा रहा है, किताब भाग के नहीं जाएगा.” तेव्हापासून मी घरून एक पान वाचून निघायचे आणि रांगेत ते मनात पुन्हा लावत बसायचे. परत आले की हंडा उतरवून आधी आठवलेलं लिहून काढायचे. कागद बाबा आणायचे. ताटल्या एकमेकींना घासू नयेत म्हणून मध्ये घालतात ते पातळ कागद, एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं लिहिता येण्याजोगे. लिहून झालं की पुस्तक उघडून ताडून बघायचं. जे चुकलं तेवढंच पुन्हा वाचायचं. ही काही मी शोधलेली पद्धत नव्हती. पाण्यानं ती माझ्यावर लादली होती. पण दहा मिनिटांत वाचलेलं मला महिन्यानं आठवायचं, आणि हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण त्याला अभ्यास म्हणतात हेच मला ठाऊक नव्हतं. अभ्यास म्हणजे दादा करायचा तो.

आमच्या विहारात जयंतीच्या दिवशी सलग अठरा तास वाचायला बसायची प्रथा होती. अजूनही अनेक ठिकाणी आहे. ज्यांची जयंती, त्यांनी परदेशात अर्धपोटी राहून अठरा अठरा तास वाचलं, त्यांना वंदन म्हणून वर्षातला एक दिवस आपणही बसायचं. यात वाईट काहीच नाही, उलट माझे डोळे आजही ते दृश्य आठवून भरून येतात: सतरंजीवर सगळ्या वयांची माणसं, मांडीवर पुस्तकं, सातवी नापास रिक्षावालासुद्धा मुलाचं इतिहासाचं पुस्तक धरून बसलेला. विहारातली अभ्यासिका साळवी सर चालवायचे. सर एका कचेरीत कारकून होते, लग्न केलेलं नव्हतं, पगारातला बराच भाग आमच्या पुस्तकांत घालायचे. ते स्वतः या परीक्षेला तीनदा बसले होते. आपण थोडे तास कमी बसलो म्हणून राहिलो, अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि ती चूक आमच्याकडून होऊ नये म्हणून त्यांनी तो एका दिवसाचा नियम हळूहळू वर्षभराचा करून टाकला. आधी दर रविवारी. मग परीक्षेच्या आधीचे दोन महिने रोज, ज्याला जमेल त्यानं. दारापाशी फळा असायचा. त्यावर नावं, आणि नावापुढे ‘पूर्ण’, नाहीतर ‘उठला’ आणि कितव्या तासाला ते. दादाच्या नावापुढे कायम ‘पूर्ण’.

त्या वर्षीच्या जयंतीला मी दादाच्या शेजारी बसले. पहाटे सहाला बसायचं, जेवणाला अर्धा तास, बाकी फक्त वाचन. बोलायचं नाही. लिहायचंही नाही, कारण लिहिण्याच्या नावाखाली मुलं चित्रं काढतात असा सरांचा अनुभव होता. दुपारी पत्रा तापला, बायका मागे खिरीसाठी दूध आटवत होत्या त्याचा वास यायला लागला. दादा संसदेवरचं प्रकरण वाचत होता. ते प्रकरण तो सकाळपासून तिसऱ्यांदा वाचत होता, मी पानं मोजली होती. मला काय वाटलं कोण जाणे. पुस्तकात पेन्सिलीचं थोटूक होतं, त्यानं मी चिठ्ठी लिहिली: धनविधेयक राज्यसभेनं परत पाठवलंच नाही तर काय होतं? पुस्तक मिटून सांग. आणि ती त्याच्या पानावर ठेवली. दादानं चिठ्ठी वाचली. पुस्तक मिटलं. समोर बघत बसला. त्याचे ओठ हलले, थांबले. कपाळावर घाम आला. मग त्याचा हात आपोआप पुस्तकाकडे गेला, आणि मी त्यावर हात ठेवला. त्यानं माझ्याकडे बघितलं ते बघणं मी विसरू शकत नाही. ज्या परिच्छेदात ते उत्तर होतं तो तिन्ही रंगांनी अधोरेखित केलेला होता.

मी उठले. तीन वाजले होते.

सर दारापाशी होते. हळू आवाजात त्यांनी विचारलं, बरं नाही वाटत का. मी म्हटलं, बरं वाटतंय.

“मग बस. नऊच तास झालेत.”

“वाचून झालं, सर. आता त्यातलं काय आठवतंय ते बघायचंय. ते इथे करू देत नाहीत.”

मागे कुणीतरी हसलं. सरांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं. “त्यांच्याकडे बघून सांग. ते उठले असते?”

मी आयुष्यात मोठ्या माणसाला उलट उत्तर दिलं नव्हतं. पण दादाचा हात अजून माझ्या डोळ्यांपुढे होता, पुस्तकाकडे जाणारा. “ते तास मोजायला बसले नव्हते, सर,” मी म्हणाले. “त्यांना ते शिकायचं होतं म्हणून बसले होते. आपल्या आज्यांनी उपास सोडले. आणि आपण इथे अभ्यासाचा उपास धरून बसलोय.”

सगळ्या विहाराला ऐकू गेलं. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी खडू घेतला, माझ्या नावापुढे ‘उठली’ लिहिलं, पुढे नऊचा आकडा. दादानं मान वर केली नाही.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आईनं तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस म्हणून डोक्याला हात लावला. बाबांना सुट्टी होती, ते पडवीत बसले होते. त्यांनी आधी सरळ हुकूम केला: परत जा, सरांची माफी माग, बस. मी नाही म्हटलं. त्यांना मी पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं, आणि का, ते सांगितलं. चिठ्ठीचं सांगितलं, दादाच्या घामाचं सांगितलं. बाबा उठून खोलीत गेले. मग त्यांनी फळीवरून एक ताटली काढली. आमच्या घरातली सगळी भांडी डागी होती. कारखान्यात नापास झालेला माल कामगार घरी आणायचे, आमचं सगळं जेवण त्याच्यावर. ताटलीच्या मधोमध निळसर डाग होता.

“ही माझ्याच हातची,” ते म्हणाले. “नवा होतो तवा. चकाकी येईना म्हणून चाकावर दाबून धरली. जास्त दाबली तर जास्त चकाकेल असं वाटलं. जळाली. दाबायचं, उचलायचं, बघायचं, परत दाबायचं. न बघता दाबलंस तर हे असं.”

मला वाटलं मी जिंकले. पण बाबांचं संपलं नव्हतं. “आता तू माझं ऐक गो. उचलून बघितलं म्हणजे काम झालं असं नाय. अशा शंभर करायच्या असतात, रोज. तुझ्या शंभर होतात काय?”

माझ्या होत नव्हत्या. त्यांनी ताटली परत फळीवर ठेवली.

पुढचे आठ-दहा दिवस वाईट गेले. पाण्याच्या रांगेत माझं नाव ‘नऊ तासवाली’ पडलं. मागची बाई पुढच्या बाईला सांगायची, साहेबीणबाईंना आधी भरू दे, त्यांना उठायची घाई असते. मी मान खाली घालत नव्हते. हे मला आज सांगायला आवडतं, कारण त्या काळात मी जवळजवळ सगळ्याच गोष्टींना मान खाली घालायचे. दादा माझ्याशी बोलत नव्हता. मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागायचा, आणि त्याच्या वहीत रेघा तशाच वाढत होत्या. मग एका सकाळी मी टँकरच्या रांगेत असताना तो हातात रिकामा डबा घेऊन आला आणि माझ्या मागे उभा राहिला. त्या रांगेत पुरुष सहसा नसत. हंसाबेननं पदर तोंडाला लावला.

“चौदा दिवस,” दादा म्हणाला.

मला काही कळलं नाही.

“चौदा दिवसांत राज्यसभेनं परत पाठवलं नाही, तर दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं असं धरतात. पुढचं विचार.”

मी विचारलं. दहा विचारले, त्यातले सात त्याला आले नाहीत. सगळे त्यानं कितीतरी वेळा वाचलेले होते. डबा भरून परत येताना तो मध्येच थांबला आणि म्हणाला, “इतकी वर्षं मी काय करत होतो गं?” मी म्हटलं, बसत होतास. हे उत्तर मी परत घेऊ शकले असते तर घेतलं असतं. ते खरं होतं, पण बसणं ही लहान गोष्ट नव्हती, हे मला तेव्हा कळत नव्हतं. ते त्यानंच मला शिकवलं. पंधरा दिवस मी त्याला प्रश्न विचारले. मग एके दिवशी त्यानं माझे कागद समोर घेतले आणि ते विषयवार लावले. घटनेचे कागद खूप. इतिहासाचे खूप. पंचवार्षिक योजनांचा एकही नाही. मी हसून म्हटलं, ते कंटाळवाणं आहे, बघू नंतर. दादा हसला नाही. “तुझी रीत चांगली आहे,” तो म्हणाला, “पण ती तू मन झालं की वापरतेस. मला रोज बसायची सवय आहे. तू मला विचारायला शिकवलंस, आता मी तुला बसायला शिकवतो.” त्या दिवसापासून आमचे दोघांचे रोज सहा तास ठरले. एक जास्त नाही, एक कमी नाही. सर्दी झाली तरी सहा, पाहुणे आले तरी सहा. सहा झाले की उठायचं, मग कितीही रंग चढलेला असो. रेघांची वही बंद झाली आणि त्या जागी चुकलेल्या प्रश्नांची वही आली. आई दोन अंडी उकडायला लागली. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

आता निवृत्तीनंतर शेजारची मुलं माझ्याकडे विचारायला येतात, मॅडम रोज किती तास करू. मी सांगते की हा प्रश्न मला विचारू नका. काल जे वाचलं ते पुस्तक मिटून सांगा, आणि उद्या याच वेळेला परत या. बहुतेक परत येत नाहीत. जी येतात त्यांना चहा मिळतो.

त्या वर्षी दादा पूर्व परीक्षा पास झाला. मी झाले नाही. योजनांवरचे प्रश्न माझ्याकडे बघून हसत होते, आणि दोन महिन्यांच्या बसण्यानं पाच वर्षांची चंचलता धुऊन निघत नाही. मी पास झाले ते नंतर, दादानं रोज विचारून विचारून. दादा मुख्य परीक्षाही पास झाला. मुलाखतीला गेला तेव्हा बाबांनी कानामागे साबण लावून लावून आंघोळ केली, जणू तेच जाणार होते. शेवटची यादी लागली त्यात त्याचं नाव नव्हतं. वय संपलं होतं. आईनं भात केला, कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साळवी सर आले. जयंतीनंतर ते माझ्याशी बोलले नव्हते, त्या दिवशीही माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. खाटेवर बसले. हातात बिस्किटांचा पुडा होता, तो कुणाला द्यावा हे त्यांना कळेना. भिंतीपलीकडे मशीन चालू होतं. सर दादाला म्हणाले की वाईट वाटून घेऊ नकोस, माणूस कुठेतरी कमी पडतो, मीही पडलो होतो, तीनही वेळा. आणखी थोडं बसायला हवं होतं.

दादा खिडकीपाशी उभा होता. तो वळला.

“सर, मी कमी पडलो नाही.”

“अरे, तसं नव्हे, मी आपलं...”

“मला लेखीत येत होतं. मुलाखतीत जे विचारलं ते येत होतं. जागा थोड्या होत्या, आम्ही पुष्कळ होतो. त्यात मी आणखी दोन तास बसून जागा वाढल्या नसत्या.”

सर म्हणाले, ही मनाची समजूत झाली.

“समजूत नाही झाली, सर. रात्रभर झोप नाही मला. खूप वाईट वाटतंय. पण मला काय येतं ते मला माहीत आहे. आधीच्या तीन वेळी ते मला माहीतच नव्हतं. यादीत नाव नाही म्हणून मी ते परत देणार नाही.”

बाबा पडवीच्या दारात उभे होते, तसेच काळे, आंघोळ न केलेले. आईनं दिलेला चहा सरांच्या हातात गार झाला. मग सर जमिनीकडे बघत, आमच्यापैकी कुणालाच नाही असं म्हणाले, “माझ्या वेळी किती जागा होत्या, ते मी कधी बघितलंच नाही. मी किती तास बसलो तेवढंच बघितलं.”

दादानं फळीवरून कोरा कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि त्यांच्यासमोर खाली मांडी घालून बसला.

“पहिल्यांदा कोणत्या साली बसला होतात, सर?”

सरांनी साल सांगितलं, वर्गात नाव पुकारल्यावर उभं राहून उत्तर देणाऱ्या मुलासारखं, जरा मोठ्यानंच.